बंद आकाश कोणासाठी बंद असते?

वॉशिंग्टनवरच्या आकाशाइतका कडक पहारा जगात फार थोड्या शहरांवर असेल. त्याच आकाशात २९ जानेवारी २०२५ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ६७ माणसे मेली. कान्सस राज्यातल्या विचिटाहून आलेले प्रवासी विमान रेगन राष्ट्रीय विमानतळावर उतरत होते आणि अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सरावासाठी पोटोमॅक नदीवरून चालले होते. नदीच्या वर दोन्हींची धडक झाली. विमानात ६४ जण होते, हेलिकॉप्टरमध्ये तिघे. कोणीही वाचले नाही. मृतांत फिगर स्केटिंगचे शिबिर आटोपून घरी निघालेली मुले होती, त्यांचे आईवडील होते, प्रशिक्षक होते. घातपाताचा यात लवलेश नव्हता. ते हेलिकॉप्टर ठरवून दिलेल्या मार्गावर होते, पूर्ण परवानगीने होते आणि ज्यांच्यासाठी हे आकाश इतरांना बंद केले आहे त्यांच्याच ताफ्यातले होते.

शहरावरून हेलिकॉप्टर उडू द्यावे का, हा विषय निघाला की सरकारे पहिल्यांदा सुरक्षेकडे बोट दाखवतात. नकाशावर एक वर्तुळ काढले जाते, आत येण्यास मनाई केली जाते आणि प्रश्न मिटला असे धरले जाते. अशा बंदीला अर्थ असतो, पण तो फार थोड्या जागी आणि फार थोड्या प्रमाणात. आणि तिथेही सरकारने स्वतःच्या यंत्रांना तोच नियम लावला तरच. वॉशिंग्टनमध्ये तो लावला गेला नाही, म्हणून त्या शहराची हकीकत नीट पाहायला हवी.

तिथली रचना अशी आहे. व्हाइट हाउस आणि संसदभवनाच्या परिसरावर पी-५६ नावाचे निषिद्ध क्षेत्र आहे. ते ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या फार आधीपासूनचे. त्या हल्ल्यानंतर त्याभोवती दोन मोठी वर्तुळे आली. बाहेरचे सुमारे ५५ किलोमीटर त्रिज्येचे, तिथे विमानाला आपली ओळख सांगत, आधी कळवलेल्या योजनेप्रमाणे उडावे लागते. आतले साधारण त्याच्या निम्मे, तिथे खासगी उड्डाणाला जवळजवळ मज्जावच. राष्ट्रीय विमानतळ २००१ मध्ये तीन आठवडे बंद होता. प्रवासी विमाने परत सुरू झाली, पण खासगी छोट्या विमानांना तो २००५ पर्यंत बंदच राहिला आणि उघडला तोही प्रत्येक उड्डाणात सशस्त्र सुरक्षा अधिकारी बसवण्याच्या अटीवर. मेरीलँडमधले कॉलेज पार्क विमानतळ १९०९ पासून अखंड चालू आहे. विल्बर राइटने लष्करी अधिकाऱ्यांना उडायला शिकवले ते तिथेच. ते आतल्या वर्तुळात सापडले. तिथे उतरायचे तर वैमानिकाला पार्श्वभूमीची तपासणी करून घेऊन खास क्रमांक मिळवावा लागतो.

या वर्तुळांच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे आणि तो वाजवीही आहे. वर्तुळ हल्लेखोराला अडवत नाही, ते पहारेकऱ्याला वेळ मिळवून देते. ताशी २०० किलोमीटरने येणाऱ्या हेलिकॉप्टरला ५५ किलोमीटर कापायला साडेसोळा मिनिटे लागतात. एवढ्या वेळात रेडिओवर विचारता येते, लढाऊ विमान पाठवता येते, इमारत रिकामी करता येते. शिवाय आत येणारा प्रत्येक जण ओळख देत असेल, तर न देणारा लगेच उठून दिसतो. राष्ट्राध्यक्षांच्या निवासाभोवती असे वर्तुळ असू नये, असे मी म्हणणार नाही.

पण हाच हिशेब न्यूयॉर्कला लावून पाहा. २०१६ च्या निवडणुकीनंतर ट्रम्प टॉवरभोवती एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर त्रिज्येचे बंद आकाश आखले गेले. त्याच वेगाचे हेलिकॉप्टर ते अंतर ३३ सेकंदांत पार करते. ३३ सेकंदांत कोण काय करणार? १० जून २०१९ रोजी पावसात, ढगांत एक हेलिकॉप्टर पूर्व ३४ व्या रस्त्यावरच्या हेलिपोर्टवरून उडाले आणि थोड्याच वेळात सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरच्या ५४ मजली इमारतीच्या गच्चीवर कोसळले. वैमानिक एकटाच होता, तो गेला. ती इमारत ट्रम्प टॉवरपासून किलोमीटरभराच्या आत आहे, म्हणजे बंद वर्तुळाच्या पोटात. त्याला कोणी अडवले नाही, कारण अडवायला वेळच नव्हता. केवळ उपकरणांच्या आधारे ढगांतून उडण्याचा परवाना त्या वैमानिकाकडे नव्हता. अशा हवेत त्याने जमिनीवरून उठायलाच नको होते, आणि हे बघण्याचे काम हवामानाच्या व परवान्याच्या नियमांचे होते.

आता हल्ल्याच्या उद्देशाने किंवा निदान नियम झुगारून आलेल्यांकडे पाहू. १७ फेब्रुवारी १९७४ रोजी एक हेलिकॉप्टर खरोखरच व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरले. ते फोर्ट मीडच्या लष्करी तळावरून पळवलेले ह्यूई होते आणि पळवणारा होता लष्करातलाच वीस वर्षांचा शिपाई. हेलिकॉप्टरचा वैमानिक होण्याची त्याची संधी हुकली होती. २७ जून २०१७ रोजी काराकासमध्ये एका हेलिकॉप्टरमधून व्हेनेझुएलाच्या सर्वोच्च न्यायालयावर हातबाँब टाकले गेले. ते पोलिसांचे हेलिकॉप्टर होते आणि ते पळवणारा ओस्कार पेरेस हा पोलिस अधिकारीच. कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे. नकाशावरची रेषा या दोघांसाठी नव्हतीच. ते रेषेच्या आतल्या बाजूचे होते. उलट १५ एप्रिल २०१५ रोजी फ्लोरिडातला एक टपाल कर्मचारी गेटिसबर्गहून गायरोकॉप्टर, म्हणजे हेलिकॉप्टरसारखे छोटे उडते यंत्र, घेऊन निघाला, दोन्ही वर्तुळे ओलांडून थेट संसदभवनाच्या हिरवळीवर उतरला. निवडणुकीतल्या पैशाच्या वर्चस्वाविरुद्ध लिहिलेली ५३५ पत्रे त्याने प्रतिनिधींसाठी आणली होती. येणार असल्याचे त्याने आधी एका वर्तमानपत्राला सांगून ठेवले होते. तरी त्याचे यंत्र इतके लहान आणि संथ होते की रडारवर ते पक्ष्यांच्या, पतंगांच्या गर्दीत गाळले गेले.

आणि एवढे करून छोटे उडते यंत्र किती नुकसान करू शकते? ऑस्टिनमध्ये १८ फेब्रुवारी २०१० रोजी एका माणसाने करखात्याच्या कार्यालयावर मुद्दाम छोटे विमान आदळवले. वैमानिकाखेरीज एक जण मेला. टॅम्पात जानेवारी २००२ मध्ये एका १५ वर्षांच्या मुलाने सेसना बँकेच्या उंच इमारतीवर घातले. मेला तो एकटाच. एकही मृत्यू क्षुल्लक नसतो, पण जागतिक व्यापार केंद्रावर आदळलेल्या प्रत्येक बोइंगमध्ये सुमारे ३८ हजार लिटर इंधन होते. चार आसनी रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टर इंधन, माणसे सगळे धरून साडेअकराशे किलोच्या आत भरते. ओक्लाहोमा सिटीत १९९५ साली १६८ माणसे मारणारी स्फोटके भाड्याच्या ट्रकमधून आली होती आणि त्यांचे वजन दोन टनांहून जास्त होते. ट्रकला कोणी ५५ किलोमीटरचे वर्तुळ आखत नाही, कारण तसे केले तर शहर जगणार नाही हे सगळ्यांना कळते. हेलिकॉप्टरचा प्रवासी मात्र श्रीमंत किंवा सरकारी असतो, बाकीच्यांच्या रोजच्या जगण्यात ते नसते. त्यामुळे त्याच्यावरच्या बंदीला कोणी किंमत लावत बसत नाही.

किंमत मात्र असते, आणि वॉशिंग्टनमध्ये ती कशी साठत गेली ते पाहण्यासारखे आहे. बाहेरच्यांसाठी बंद असलेले हे आकाश आत खचाखच भरलेले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०१९ या काळात राष्ट्रीय विमानतळाभोवतीच्या परिसरात हेलिकॉप्टरांची सुमारे ८८ हजार उड्डाणे झाली. चालवणाऱ्या संस्था ५० हून अधिक होत्या आणि सर्वांत मोठा वाटा लष्कराचा होता. त्याशिवाय पोलिस, केंद्रीय यंत्रणा, रुग्णवाहतूक. ही सगळी रहदारी जाणार कुठून? मध्ये निषिद्ध क्षेत्र, दोन्ही काठांना वस्ती, वस्तीला आवाज नको. उरते नदी. आणि विमानतळ नदीकाठीच असल्याने विमानेही नदीवरूनच येतात आणि जातात. हेलिकॉप्टरांचा चौथ्या क्रमांकाचा मार्ग पूर्व काठाला धरून २०० फुटांच्या खालून जायचा आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमाने त्याला आडवी छेदायची. अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हिशेब मांडला, तेव्हा दिसले की सगळे नियम तंतोतंत पाळले, हेलिकॉप्टर बरोबर २०० फुटांवर काठाला चिकटून राहिले, तरी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात उभे अंतर उरत होते फक्त ७५ फूट. त्या रात्री हेलिकॉप्टर २०० फुटांच्या वर गेले होते. ७५ फूट म्हणजे सातमजली इमारतीची उंची. रात्री, अंधारात पाहण्याचे चष्मे लावून, त्या चष्म्यांतून शहराचे दिवे लखलखत असताना, एवढ्याशा फरकावर दोन यंत्रांना परस्परांपासून लांब ठेवण्याची ही व्यवस्था होती.

त्याच मंडळाने आणखी एक आकडा दिला आणि तो वाचून मला राग आला. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळापाशी प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैलाहून कमी आडव्या आणि ४०० फुटांहून कमी उभ्या अंतरावर आले, असे १५,२१४ प्रसंग नोंदले गेले होते. त्यांतल्या ८५ प्रसंगांत आडवे अंतर १,५०० फुटांहून आणि उभे अंतर २०० फुटांहून कमी होते. ही माहिती नियामक संस्थेच्या, म्हणजे एफएएच्या, हाताशी होती. ती कोणी एकत्र करून वाचली नाही. याच वर्षांत एखादा हौशी वैमानिक चुकून बाहेरच्या वर्तुळात शिरला तर त्याची चौकशी होत होती, परवाना निलंबित होत होता, कधी लढाऊ विमाने अंगावर जात होती. रेषा ओलांडणाऱ्या परक्याची प्रत्येक चूक नोंदली जात होती आणि रेषेच्या आत रोज घडणाऱ्या गोष्टीकडे बघायला कोणी नेमलेले नव्हते. घातपात शोधणाऱ्या नजरेला अपघात दिसत नाही, कारण अपघात आपल्याच माणसांकडून होतो.

यापुढची गोष्ट गुप्ततेची. एडीएस-बी या यंत्रणेतून विमान आपली जागा, उंची आणि वेग दर सेकंदाला प्रसारित करत राहते. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित आकाशात ती सक्तीची आहे. पण त्याआधीच, २०१९ मध्ये, संवेदनशील सरकारी कामगिरीवर असताना ती बंद ठेवण्याची सवलत नियमात आली. त्या रात्रीच्या ब्लॅक हॉकचे प्रसारण होत नव्हते. हेलिकॉप्टर रडारवर दिसत होते, नियंत्रकाचे त्याच्याशी बोलणेही झाले होते. तेव्हा केवळ या एका कारणाने धडक झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. उंचीमापकातली तफावत, हेलिकॉप्टर आणि विमाने या दोन्हींची जबाबदारी एकाच नियंत्रकावर असणे, ऐन वेळी बदललेली धावपट्टी, हे सारे त्यात होते. पण तो सराव होता. कोणा गुप्तहेराला नेण्याचे काम नव्हते, युद्ध नव्हते. एका वैमानिकाची नियमित चाचणी प्रवासी विमानांच्या वाटेत घेतली जात होती आणि तिच्यासाठीही स्वतःची जागा न सांगण्याची मुभा होती. संवेदनशील कामगिरीसाठी दिलेली सूट अशी रोजच्या कामात मुरते. ती कधी वापरावी हे ठरवणाराही तीच वापरणारा असतो, त्यामुळे ती परत घ्यावी असे कोणाला वाटत नाही.

अपघातानंतरही हे लगेच सुधारले असे नाही. १ मे २०२५ रोजी पेंटागॉनकडे निघालेल्या आणखी एका ब्लॅक हॉकमुळे दोन प्रवासी विमानांना उतरता उतरता परत वर जावे लागले. त्या निमित्ताने उघड झाले की विमानतळाचा मनोरा आणि पेंटागॉन यांना जोडणारी थेट दूरध्वनी वाहिनी मार्च २०२२ पासून बंद पडली होती. तीन वर्षांहून जास्त काळ! जगातल्या सर्वांत संरक्षित मानल्या जाणाऱ्या आकाशात, धोक्याच्या क्षणी दोन बाजूंनी एकमेकांशी बोलायचा फोनच चालत नव्हता आणि नियामक संस्थेला त्याचा पत्ताही नव्हता. सुरक्षेच्या नावाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची परीक्षा कोणी घेत नाही, प्रश्न विचारणारा उगाच संशयास्पद ठरतो, तेव्हा असे होते.

या सगळ्याचा मुंबईशी संबंध आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे गेली. ते आरडीएक्स समुद्रातून रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले आणि सीमाशुल्क व पोलिस खात्यातल्या विकल्या गेलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत शहरात आले. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर रबरी होडीतून बधवार पार्कजवळ उतरले. त्या हल्ल्यात हेलिकॉप्टर दिसले ते आपल्याच बाजूने. नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरले ते हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून. तरी आज मुंबई पोलिसांचा ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, गरम हवेचे फुगे यांवरचा मनाई हुकूम ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा निघतो. आधी तो फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. तात्पुरत्या आणीबाणीसाठी असलेले कलम असे कायमचे वापरले जाते, आणि मागच्या मुदतीत त्याने काय साधले हे पुढच्या हुकमात सांगितले जात नाही. ड्रोनचा धोका खरा आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. पण असा ड्रोन पाठवणारा कलम वाचून थांबत नाही. त्याला थांबवायला शोधयंत्रणा लागते, संदेश तोडणारी उपकरणे लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात. हुकूम काढणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

गच्चीवरच्या हेलिपॅडचेही तसेच. दक्षिण मुंबईत असे हेलिपॅड करायला नौदलाने सुरक्षेच्या कारणावरून विरोध केला. गोदी आणि युद्धनौका शेजारीच असताना ती काळजी मला रास्त वाटते. पण रहिवाशांचा विरोध होता तो आवाजाला आणि डोक्यावर कोसळण्याच्या भीतीला. हे आक्षेप स्वतंत्रपणे मांडले, मोजले आणि त्यांवर निर्णय घेतले गेले पाहिजेत. सुरक्षेचे कारण पुढे आले की हे बाकीचे प्रश्न गुंडाळले जातात. उद्या संरक्षण खात्याने ना-हरकत दिली की रहिवाशाच्या हाती काहीच उरत नाही. न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांच्या हेलिकॉप्टरांविरुद्ध लोक वर्षानुवर्षे बोलत होते. १० एप्रिल २०२५ रोजी त्यांतले एक हडसन नदीत कोसळले. आतले सहाही जण मेले, त्यांत तीन मुले होती. सुरक्षेचे कोणतेही वर्तुळ त्यांच्या उपयोगाचे नव्हते. उपयोग झालाच असता तर देखभालीच्या कडक तपासणीचा, आणि शहरावरून केवळ मौजेसाठी उडू द्यावे का, या साध्या प्रश्नाच्या सरळ उत्तराचा. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्यासाठी मला दहशतवादाचा आधार घ्यावा लागत नाही.

मनाई कशी असावी याचा नमुना मुंबईतच आहे. मलबार हिलवर पारश्यांच्या डुंगरवाडीवरून, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीच्या जागेवरून, उडायला मनाई आहे. जागा छोटी, कारण सर्वांना ठाऊक, अपवाद कोणासाठी नाही. सुरक्षेच्या बंदीलाही एवढ्याच मोजक्या अटी असाव्यात. जिथे खरे लक्ष्य आहे आणि वर्तुळ ओलांडणाऱ्याला रोखण्याची खरी क्षमता आहे, तिथेच ती असावी. तिला मुदत असावी आणि मुदत वाढवताना कारण नव्याने सांगावे लागावे. बंदीमुळे वळवलेली रहदारी कुठे जाऊन साचते, हे सुरक्षा खात्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासावे. आणि आत उडणाऱ्या लष्करी किंवा पोलिसी यंत्राने, प्रत्यक्ष कामगिरी सोडून एरवी, आपली जागा सगळ्यांना दिसेल अशी प्रसारित करावी.

मुंबईला हे आत्ताच ठरवावे लागेल. जुहूचा विमानतळ सांताक्रूझच्या धावपट्ट्यांपासून दोनेक किलोमीटरवर. तिथूनच ओएनजीसीच्या तेलविहिरींकडे कामगारांना नेणारी हेलिकॉप्टर जातात; २०१८ आणि २०२२ मध्ये अशा दोन हेलिकॉप्टरांना समुद्रात अपघात होऊन माणसे गेली. कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आयएनएस शिक्रा आहे, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रावर निषिद्ध क्षेत्र आहे आणि २०२५ च्या अखेरीपासून खाडीपलीकडे नवी मुंबईचा दुसरा मोठा विमानतळ सुरू झाला आहे. निषिद्ध क्षेत्र, वस्ती आणि आवाज यांना टाळत हेलिकॉप्टरांनी पाण्यावरून जायचे, आणि विमानांनीही पाण्यावरूनच उतरायचे, ही पोटोमॅकवरची अडचण इथेही उभी राहणार आहे. म्हणून नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने दरवर्षी मुंबईकरांपुढे एक आकडा ठेवावा: या आकाशात विमान आणि हेलिकॉप्टर किती वेळा धोकादायक अंतरावर आले, नौदलाची आणि पोलिसांची उड्डाणे धरून.